काकूंचा नंबर

आमच्या वाईच्या वाड्यांत लहानमोठीं मिळून तेरा माणसें आहेत. २०२५ सालच्या आरंभीं एका रात्रीं जेवतांना माझ्या धाकट्या पुतण्यानें घरांतल्या मोबाइलांची शिरगणती केली, ती पंधरावर गेली. कोणाचा एक घरचा आणि एक कचेरीचा. कोणाचा एक नवा आणि एक बिघडलेला, परंतु टाकवत नाहीं म्हणून फडताळांत ठेवलेला. “म्हणजे माणशीं एकाहून अधिक!” असें म्हणून तो हसला आणि आम्हीहि हसलों. तेरांपैकीं एका माणसाजवळ मोबाइल मुळींच नाहीं, ही गोष्ट त्या हिशेबांत आली नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर ती आमच्यापैकीं कोणाच्या ध्यानांतहि आली नाहीं. तें माणूस त्याच वेळीं आम्हांला ताक वाढीत होतें.

आमच्या काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांच्या पत्नी. काका शाळेंत शिक्षक होते; २००३ सालीं ते वारले. पोटीं मूलबाळ नाहीं. त्यांच्यामागें काकूंना जी पेन्शन मिळते ती दरमहा बँकेंत जमा होते. काकूंचें वय त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, हिशेबांत पक्क्या, आणि पंचांग तर त्यांना आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेहून अधिक पाठ. घरांत त्यांना मान मोठा. त्यांनीं चव पाहिल्यावांचून लोणच्याची बरणी बांधली जात नाहीं. अशा माणसाला मोबाइल कशाला हवा, असें आम्हांला वाटलें असावें. त्यांना फोन करणारें कोण? आणि कोणी केलाच, तर घरांत पंधरा मोबाइल आहेत!

ह्या समजुतीचें मूळ आमच्या जुन्या दूरध्वनींत आहे. तो आमच्याकडे १९८६ सालीं आला, आणि त्यापूर्वीं सहा वर्षें अर्ज करून वाट पाहावी लागली होती. तो सोप्यांत एका उंच तिवईवर असे. त्याच्या चकतीला लहानसें कुलूप आणि शेजारीं दोरीनें बांधलेली एक वही. कोणीं, कोठें, किती वेळ फोन केला हें त्या वहींत लिहावयाचें अशी वडिलांची आज्ञा होती. मुंबईचा ट्रंक कॉल लागला कीं बोलणारा इतक्या मोठ्यानें बोले, कीं निम्मी आळी त्याचा समाचार ऐके. घरांतल्या कोणाच्याहि फोनांत गुप्त असें कांहीं नसे; पण त्यांत एक न्याय होता. सर्वांचेंच सर्वांना ऐकूं जाई. वडिलांना सावकाराचा तगादा येई तोहि आम्हीं ऐकला आहे.

पुढें मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसूंनीं दिल्लीस सुखराम ह्यांच्याशीं बोलून त्याचा आपल्या देशांत आरंभ केला, तेव्हां तें श्रीमंतांचें खेळणें होतें. त्या दिवसांत आलेल्या फोनालासुद्धां पैसे पडत. लोक वाजणारा मोबाइल पाहून घेत, तो बंद करीत आणि साध्या फोनाकडे धांवत. २००३ सालीं येणारा फोन निःशुल्क झाला आणि त्यानंतर चार-पांच वर्षांत आमच्या घरींहि माणशीं एक मोबाइल झाला. सोप्यांतली तिवई माळ्यावर गेली. माझें बोलणें माझ्यापुरतें झालें ह्याचा मला किती आनंद झाला होता, तें मला चांगलें आठवतें. तो आनंद घरांत एका माणसाच्या वांट्याला आला नाहीं, हें मात्र मला फार उशिरां कळलें.

पुढें बँकेचें काम मोबाइलवर आलें. खात्याशीं मोबाइलचा नंबर जोडा, म्हणजे पैसे जमा झाल्याचा, काढल्याचा संदेश तत्काळ येईल, असें सांगण्यांत आलें. मी काकूंना घेऊन बँकेंत गेलों. अर्जांत नंबराचा रकाना आला. काकूंनीं माझ्याकडे पाहिलें, आणि मीं माझा नंबर लिहिला. तें लिहावयास मला फार तर दहा सेकंद लागले असतील. आपण एका वृद्ध माणसाची सोय केली, अशाच समाधानानें मी घरीं आलों.

ही सोय चालावयाची कशी, तें आमचा वाडा पाहिल्याशिवाय कळावयाचें नाहीं. वाड्याच्या भिंती विटामातीच्या, दोन-अडीच फूट जाड. उन्हाळ्यांत माजघर गार राहतें तें ह्याच भिंतींमुळें, आणि मोबाइलच्या लहरी माजघरांत शिरतांना गळून जातात त्याहि ह्याच भिंतींमुळें. रेंज मिळते ती दोन ठिकाणीं: माडीवरच्या नदीकडील खिडकींत, आणि परसांतल्या तुळशीवृंदावनापाशीं. मुलांनीं घरांत इंटरनेट तारेनें आणलें आहे. पण आमच्या जुन्या मोबाइलांवर बँकेचा संदेश त्या तारेनें येत नाहीं, त्याला टॉवरचीच वाट लागते.

काकूंचीं रक्तदाबाचीं औषधें माझी पुतणी त्यांच्या कार्डावर ऑनलाइन मागवीत असे. कार्डावरचे असे व्यवहार दुसऱ्या पडताळणीवांचून होऊं नयेत असा दंडक रिझर्व्ह बँकेनें २००९ सालापासून घातलेला आहे. आणि ही दुसरी पडताळणी म्हणजे बहुधा आपला ओटीपी. मागणी माजघरांतून व्हावयाची आणि ओटीपी यावयाचा माझ्या मोबाइलवर. मग मी माडीच्या खिडकीशीं उभा, पुतणी खालीं माजघरांत, आणि त्या आंकड्याची मुदत तर मिनिटांची! “हा आंकडा कोणासहि सांगूं नका” असें त्याच संदेशांत लिहिलेलें असे, आणि मी तो माडीवरून ओरडून सांगत असें. “चार! सात! शून्य! ऐकूं आलें का? शून्य!” एकदां तर शेजारच्या वाड्यांतले नाना दुसऱ्या दिवशीं मला म्हणाले, “काल तुमचा पांचवा आंकडा नीट कळला नाहीं हो.” आम्ही सगळे पोट धरधरून हसलों. काकूहि हसल्या. मीं तें हसणें त्यांच्या संमतीचें समजलों.

नंतर चैत्रांतली गोष्ट. आम्ही रात्रीं जेवावयास बसलों होतों. माझा मोबाइल त्या दिवशीं बँकेच्या संदेशांसह माडीवरून खालीं आला होता. मीं सहज पाहिलें आणि सहज विचारलें, “काकू, आज तीन हजार काढलेत? कशाला लागले?”

काकू स्वतः चालत बँकेंत जातात, स्लिप भरतात आणि पैसे घेऊन येतात. त्या भात वाढीत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला. “लागले होते,” एवढेंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

पुढच्या महिन्यांत पुन्हां तीन हजार. ह्या वेळीं मीं कांहीं विचारण्यापूर्वींच माझ्या थोरल्या बंधूंनीं थट्टा केली, “काकूंनीं गुपचूप भिशी लावलेली दिसते!” म्हणजे ती गोष्ट मीं त्यांना सांगितलेली होती. थट्टेंत दुष्टपणा तिळमात्र नव्हता. परंतु काकू त्या रात्रीं आमच्याबरोबर जेवल्या नाहींत. पित्त झालें आहे म्हणाल्या.

तिसऱ्या महिन्यांत तोच आंकडा पाहिल्यावर मला खरोखरच काळजी वाटूं लागली. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचतों. पोलिस असल्याची बतावणी करून वृद्ध माणसांना मोबाइलसमोर तासन्‌तास बसवून ठेवतात आणि त्यांची आयुष्याची पुंजी काढून घेतात. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यांत मुळींच नाहीं, हें ऑक्टोबर २०२४ मध्यें पंतप्रधानांना आकाशवाणीवरून देशाला सांगावें लागलें. मी दुपारीं माजघरांत गेलों. काकू पेटीपाशीं बसून कांहींतरी लावीत होत्या. मीं शक्य तितक्या सौम्यपणें विचारलें, “काकू, कोणी तुमच्याकडे पैसे मागतें आहे का? हल्लीं दिवस फार वाईट आहेत.”

काकूंनीं पेटीचें झांकण लावलें. त्या रागावल्या नाहींत. त्या रागावल्या असत्या तर मला सोपें गेलें असतें.

“बाळ,” त्या म्हणाल्या, “तुझे काका गेले त्याला बावीस वर्षें झालीं. ही माझी पेटी इथें माजघरांत असते. तिला मीं कधीं कुलूप लावलें नाहीं. कां, ठाऊक आहे? ह्या घरांत ती कधीं कोणीं उघडली नाहीं. तुझ्या आईनें नाहीं, तुझ्या बायकोनें नाहीं, लहान पोरांनींसुद्धां नाहीं. आतां ती पेटी तुझ्या खिशांत आहे, आणि ती उघडीच असते.”

मीं कांहीं बोलावयाच्या आधींच त्या पुढें म्हणाल्या, “पैसे कशाला काढतें तें मी तुला सांगेनहि. पण तूं विचारलेंस म्हणून सांगणें निराळें आणि मला वाटलें म्हणून सांगणें निराळें. मला माझा नंबर घेऊन दे.”

मी कनिष्ठ महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवितों. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमतानें दिला, हें मी दरवर्षीं फळ्यावर लिहितों. त्यावर प्रश्नहि काढतों. सरकारानें नागरिकाच्या घरांत कोठवर डोकवावें ह्यावर मला पाऊण तास बोलतां येतें. पुतण्यानें काकूच्या पेटींत डोकवावें कीं नाहीं, हा प्रश्न माझ्या एकाहि प्रश्नपत्रिकेंत आजवर आला नव्हता.

त्या दुपारीं मला माझ्या आजोबांची आठवण झाली. आजोबा माजघराच्या उंबऱ्याशीं आले कीं आधीं खाकरत. त्यांना खोकला नव्हता. आंत सुना बसलेल्या असतील, कोणी आडवी झालेली असेल, कोणी डोळे पुशीत असेल. त्यांना सांवरून बसावयास अवधि मिळावा म्हणून तें खाकरणें असे. खाकरल्यावर ते पांच-दहा श्वास थांबत आणि मगच आंत पाऊल टाकीत. आमच्या वाड्याला दारें पुष्कळ, पण दिवसां कडी लावलेली मीं कधीं पाहिली नाहीं. कडीचें काम त्या खाकरण्यानें होत असे. पंचवीस-तीस माणसें एका छपराखालीं इतकीं वर्षें राहिलीं, तीं एकमेकांचें सर्व कांहीं ठाऊक होतें म्हणून राहिलीं असें लोक म्हणतात. मला आतां वाटतें, कीं दिसत असूनहि कोठें पाहावयाचें नाहीं हें त्यांना ठाऊक होतें, म्हणून तीं राहूं शकलीं. मोबाइल खाकरत नाहीं. तो काकूंची पेटी उघडतो आणि भर पंक्तींत माझ्यापुढें धरतो. आणि मीहि तींतलें सर्वांना मोठ्यानें वाचून दाखवितों.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही सिमकार्ड आणावयास गेलों. पुतण्याचा एक जुना, परंतु धडधाकट मोबाइल काकूंसाठीं काढून ठेवला होता. दुकानांतल्या मुलानें आधार क्रमांक घेतला आणि काकूंचें बोट यंत्रावर ठेवविलें. यंत्रानें नकार दिला. दुसरें बोट, तिसरें बोट. अंगठा पुसून, पुन्हां पुसून. “आजी, जरा दाबून ठेवा,” तो म्हणाला. दाबून ठेवण्यानें काय होणार? साठ वर्षें राखेनें भांडीं घासून, पुरणें वाटून आणि चुलीची ऊब सोसून त्या बोटांवरच्या रेषा केव्हांच पुसून गेल्या होत्या. काकू हात मागें घेऊन म्हणाल्या, “माझ्या हातावर रेषा नाहींत, म्हणजे माझें भविष्यहि नाहीं कीं काय?” शेवटीं त्या मुलानें त्यांचें छायाचित्र काढून अर्ज भरला. सर्व झालें आणि तो म्हणाला, “आतां दुसऱ्या एखाद्या नंबरावर ओटीपी येईल, तो सांगा.”

तो ओटीपी माझ्या मोबाइलवर आला! माझ्यापासून सुटण्यासाठींसुद्धां काकूंना एकदां माझ्याच दारावरून जावें लागलें. ह्या वेळीं मात्र मीं तो ओरडलों नाहीं. मोबाइल त्यांच्या हातांत दिला.

मग रिचार्जचा प्रश्न. दुकानदार म्हणाला, “अठ्ठावीस दिवसांचा घ्या, तो सगळेच घेतात.” काकूंनीं तेथल्या तेथें हिशेब केला. अठ्ठावीस तेरे तीनशें चौसष्ट. म्हणजे वर्षांत बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावयाचे. “अधिक मास आपल्याकडे तीन वर्षांतून एकदां येतो,” त्या म्हणाल्या, “आणि ह्या कंपन्यांकडे दरवर्षीं!” दुकानदाराला पंचांगाचा हा दाखला कितपत कळला कोण जाणे, परंतु काकूंचें म्हणणें सरकारी नियामकाच्या कानांवरहि पूर्वींच गेलें असावें. तीस दिवसांची एक तरी योजना प्रत्येक कंपनीनें ठेवावी असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२२ सालीं दिला होता. आणि ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठीं नुसत्या बोलण्याची व संदेशांची योजना ठेवावी असा नियम २०२४ च्या डिसेंबरांत केला. मीं काकूंना तीच योजना सुचविली. घरांत तारेचें इंटरनेट आहेच, तेव्हां बाहेरच्या इंटरनेटचे पैसे कशाला? त्यांना तें पटलें. मात्र पैसे त्यांनीं स्वतःच्या बटव्यांतून दिले.

बँकेंत नंबर बदलण्याच्या अर्जावर काकूंनीं आपला नवा नंबर स्वतःच्या अक्षरांत लिहिला. जुन्या शाळेंतलें तें टपोरें, सारख्या उंचीचें अक्षर. दोन दिवसांनीं माझ्या मोबाइलवर काकूंच्या खात्याचा शेवटचा संदेश आला: आपला नंबर बदलण्यांत आला आहे. तो वाचून मला थोडें चुकल्यासारखें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. इतकीं वर्षें मी ज्याला सेवा समजत होतों, तींत सत्तेची गोडीहि थोडी मिसळलेली होती, हें ती गेल्यावर कळलें.

ह्यापुढचें शिक्षण पुतणीनें हातीं घेतलें. पैसे पाठविण्याचें ॲप आधीं आपल्याच मोबाइलवरून एक संदेश बाहेर पाठवितें आणि नंबर खरा आहे कीं नाहीं हें ताडून पाहतें. माजघरांत तो संदेश बाहेरच पडेना. तीनदां अपयश आलें. शेवटीं दोघी परसांत तुळशीपाशीं गेल्या आणि तेथें तो एकदांचा गेला. तेव्हांपासून काकूंच्या दिनचर्येंत सोयीची एक गोष्ट झाली. सकाळीं तुळशीला पाणी घालावयाचें, प्रदक्षिणा करावयाच्या आणि मग तेथेंच उभें राहून मोबाइल पाहावयाचा. इंटरनेटहि परसापर्यंत जेमतेम पोंचतें. गुप्त आंकडा घालतांना त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि पदर किंचित्‌ पुढें ओढतात. माझी बायको म्हणते, “काकू सोंवळ्यांत स्वयंपाक करतांनाहि इतक्या जपत नाहींत.” महिन्याच्या आरंभीं एक दिवस त्या तेथें जरा अधिक वेळ असतात. त्या वेळीं मला परसांत जावयाचें असलें तर मी मागच्या दाराशीं थांबून खाकरतों.

आमच्या एका स्नेह्यांना ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांनीं आक्षेप घेतला. “हें सर्व ठीक आहे, पण फसवणूक झाली म्हणजे? लक्ष नको का ठेवावयाला?” आक्षेप खोटा नाहीं. मींहि ह्याच भीतीनें माजघरांत गेलों होतों. पण अनुभव निराळा आला. भाद्रपदांत एके दुपारीं काकूंना फोन आला. तुमच्या नांवानें एक संशयित पार्सल सांपडलें आहे, आम्ही पोलिस बोलतों आहों, असें कोणीसें दरडावून सांगूं लागलें. काकू म्हणाल्या, “थांबा, मी माझ्या पुतण्याला बोलावतें. तो सरकारी कायदे शिकवितो.” फोन तत्क्षणीं बंद झाला. काकू नंतर स्वतः माझ्याकडे आल्या आणि आपण होऊन सर्व सांगितलें. अशी फसवणूक झाली तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचें असतें, तो क्रमांक मीं त्यांना लिहून दिला आणि त्यांनीं तो देव्हाऱ्याशेजारीं चिकटविला. ज्याच्यावर पाळत असते तें माणूस अडचणीच्या वेळीं गोष्ट लपवितें; कारण आधींच त्याला सारखी उत्तरें द्यावीं लागत असतात. हा नियम काकूंच्या वयालाहि लागू आहे आणि माझ्या पुतण्याच्या वयालाहि.

नोव्हेंबरांत हयातीच्या दाखल्याची वेळ आली. पेन्शन घेणाऱ्यानें आपण जिवंत असल्याचें दरवर्षीं सिद्ध करावयाचें असतें. पूर्वीं त्यासाठीं बँकेंत जाऊन सही करीत. २०१४ च्या नोव्हेंबरांत हा दाखला आधारच्या साहाय्यानें घरबसल्या देण्याची सोय निघाली. पण तीहि प्रथम बोटांच्या ठशांवर होती, आणि काकूंचीं बोटें त्यांच्या हयातीची साक्ष द्यावयास तयार नव्हतीं. २०२१ सालापासून चेहरा दाखवूनहि हें काम होतें. काकू सकाळच्या उन्हांत तुळशीपाशीं बसल्या, पुतणीनें मोबाइल धरला. यंत्रानें डोळे मिटून उघडण्याची सूचना केली. काकूंनीं इतक्या गंभीरपणें डोळे मिचकावले कीं पुतणीला हसूं आवरेना, आणि मग काकूंनाहि आवरेना. दोन-तीन वेळां तरी हसण्यामुळें पुन्हां करावें लागलें. शेवटीं दाखला झाल्याचा संदेश आला. तो काकूंच्या नंबरावर आला. त्यांनीं तो मला मुद्दाम आणून दाखविला. “हें बघ,” त्या म्हणाल्या, “मी आहें.”

हें सर्व लिहिण्याचें कारण एवढेंच, कीं हा प्रकार एकट्या आमच्याच घरचा असेल असें मला वाटत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आई आहे, आत्या आहे, विधवा चुलती आहे, त्यांनीं एकदां स्वतःशींच विचारून पाहावें: तिच्या खात्याशीं नंबर कोणाचा जोडलेला आहे? तिच्या पैशाची वार्ता आधीं कोणाच्या हातांत पोंचते? पुष्कळ ठिकाणीं उत्तर ‘मुलाच्या’ किंवा ‘पुतण्याच्या’ असेंच येईल, आणि तो मुलगा वा पुतण्या माझ्यासारखाच सद्‌हेतूचा असेल. त्यानें नंबर बदलून द्यावा अशीच माझी सूचना आहे. तें शक्य नसेल, घरांतलें माणूस फार थकलेलें असेल, तर निदान एक पथ्य पाळावें. संदेश आला कीं तो त्या माणसाच्या कानांत सांगावा. पंक्तींत सांगूं नये, आणि ‘कशाला’ हा शब्द त्याच्यापुढें जोडूं नये.

ते तीन हजार कोठें जातात, हें मला आजहि ठाऊक नाहीं. काकूंनीं अजून सांगितलेलें नाहीं, आणि मींहि विचारलेलें नाहीं. बंधूंनींहि पुन्हां भिशीचें नांव काढलें नाहीं.

गेल्या माघांत काकूंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. उजव्या डोळ्यानें त्यांना बारीक अक्षर दिसतच नाहीं. तेव्हां डोळा बरा होईपर्यंत मोबाइल वाचणें बंद. चवथ्या दिवशीं सकाळीं मी परसाच्या दाराशीं आलों तर काकू काळा चष्मा लावून तुळशीपाशीं उभ्या होत्या. मी खाकरलों. त्यांनीं वळून मला हांक मारली आणि मोबाइल माझ्यापुढें धरला. एक ओटीपी आलेला होता.

“वाच,” त्या म्हणाल्या. “पण मोठ्यानें नको.”

मी जवळ गेलों आणि ते सहा आंकडे त्यांच्या कानाशीं सांगितले. मग मोबाइल त्यांच्या हातांत परत दिला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिलों.